लेंडीखताचा दाखला

"ह्यात बरफ आपोआप होतो गं अनसा, हात घालून बघ," म्हाळसा म्हणाली आणि तिनं नव्या फ्रिजचं दार उघडलं.

मी हात घातला नाही. माझ्या अंगाची आधीच लाही लाही होत होती, ती तेवढ्या बर्फानं थोडीच निवणार? म्हाळसा माझी चुलत जाऊ, वयानं थोरली. घरात फ्रिज, दारात मोटारसायकल, पोरगी शिरूरला इंग्रजी शाळेत. आणि हे सगळं कशावर? आमच्या मेंढरांच्या लेंड्यांवर! खोटं कशाला बोलू, जळत होते मी.

त्याचं असं झालं. रांजणगावला कंपन्या आल्या. त्यातल्या एकीनं आवारात मोठी बाग केली आणि बागेला लेंडीखत हवं म्हणून ठेका काढला. तो मिळाला ज्ञानूदादांना, म्हाळसाच्या नवऱ्याला. ज्ञानूदादांनी मेंढरं विकून सहा वर्षं झाली होती. घरात औषधालासुद्धा कोकरू नव्हतं, पण आमच्या भागाचे पुढारी मारुतराव यांच्या जीपमध्ये ते पुढच्या सीटवर बसायचे. मेंढरं आमची, खत आमचं, कंपनीच्या गेटावर नाव मात्र त्यांचं.

त्या वर्षी न्हावऱ्याच्या एसटी स्टँडवर कंपनीनं कागद चिकटवला. मी सातवी शिकलेली, उभ्या उभ्या वाचला. यंदाचा ठेका सगळ्यांना खुला, ज्याचा माल चांगला त्याला काम. घरी आले ती पळतच.

"तुमी भरा," मी कारभाऱ्यांना म्हटलं.

"आपल्याला कोण इचारतंय?"

"सात पिढ्या मेंढरामागं गेल्या तुमच्या. तुमाला न्हाई तर कुणाला इचारणार?"

"तुला काय, फ्रिज पायजे व्हय?" ते हसले.

"मला म्हाळसाक्काचं तोंड बघायचंय," मी म्हटलं. बोलून गेले आणि मग जीभ चावली.

अर्जात एक अट होती. लेंडीखताचा अनुभव असल्याचा दाखला हवा, तोही लोकप्रतिनिधीच्या सहीचा. म्हणजे मारुतरावांच्या. आम्ही दोघं गेलो. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

"सही काय, आत्ता करतो रखमाजी," ते म्हणाले. "पण निवडणूक तोंडावर आलीय. कार्यकर्त्यांची जेवणं हायती. दहा मेंढरं धाडून दे. समदी आपलीच माणसं."

कारभाऱ्यांनी हात जोडले. "आबा, मेंढरंच तुमाला दिल्यावर खत कशाचं घालू?" एवढं बोलून ते चालायला लागले. मी मागं रेंगाळले आणि हळूच म्हटलं, "धाडते मी, आबा."

दोन दिवसांनी कारभारी मेंढरांचं औषध आणायला दौंडला गेले. मागं टेम्पो आला. त्या माणसांनी चांगली चांगली निवडली, त्यात एक गाभण मेंढी पण ओढली. "ती नगा नेऊ," मी म्हटलं. एकानं हसून तिला वर ढकलली आणि मारुतरावांच्या सहीचा कागद मला दिला. मी बाजूला सरले. हातात दाखला आला होता ना! मांडवगणच्या रस्त्यानं टेम्पो दिसेनासा होईपर्यंत तिचं ओरडणं ऐकू येत होतं.

संध्याकाळी कारभारी आले. त्यांनी मोजलं नाही, मेंढपाळाला मोजावं लागत नाही. कळपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी दाखला पुढं केला.

"गाभण बी दिलीस?" ते म्हणाले. त्यानंतर भाकर वाढ, पाणी दे, याच्यापलीकडं ते माझ्याशी बोलले नाहीत.

ठेक्याचे अर्ज उघडायच्या दिवशी मात्र ते धुतलेला फेटा बांधून निघाले. मीही गेले. बघते तर काय, कंपनीच्या खोलीत अकरा माणसं आणि अकरा दाखले! सही एकच, मजकूर एकच. एक व्हिडिओ लायब्ररीवाला, एक वडापची, म्हणजे माणसं कोंबून न्यायची जीप चालवणारा, असे सगळे लेंडीखताचे अनुभवी. ज्ञानूदादा कोपऱ्यात होते. तिथला अधिकारी तरणा होता. त्यानं टेबलावर दोन बशा ठेवल्या. दोन्हींत लेंड्या.

"यातली मेंढीची कोणती, शेळीची कोणती? सांगा."

कुणी छताकडं बघायला लागलं, कुणी घड्याळाकडं. कारभारी पुढं झाले. एक लेंडी बोटांत चुरली, नाकाशी नेली.

"ही शेळीची. ही मेंढीची, पर औंदाची न्हाई, दोन पावसाळं खाल्ल्यात हिनं. कस गेलाय. आन् मेंढी बाभळीच्या शेंगांवर पोसलेली दिसती."

"वा, बाबा!" अधिकारी उठून उभा राहिला. माझा ऊर असा भरून आला म्हणता! मी मान वळवून ज्ञानूदादांकडं बघितलं. ते खाली बघत होते.

तेवढ्यात फोन वाजला. अधिकारी आत गेला, बाहेर आला तो कुणाकडं न बघताच. ठेका मारुतरावांच्या भाच्याला. भाचा तर आलासुद्धा नव्हता! जाताना अधिकारी कारभाऱ्यांना हळूच म्हणाला, "खत तुमचं चांगलं असणार, बाबा. तुम्ही त्यांनाच घाला."

मी रडायला हवं होतं. पण ज्ञानूदादांचाही ठेका गेला, म्हाळसाचं गेलं, म्हणून माझ्या काळजात गार गार वाटलं. अशी मी.

पाडव्याच्या आधी रानं मोकळी झाली. या दिवसांत लोक मेंढरं रानात बसवून घेतात, म्हणजे जमिनीला खत मिळतं, आणि बदल्यात मेंढपाळाला धान्य देतात. ज्ञानूदादा म्हणाले, "रखमा, औंदा माझ्या रानात बसव की." कारभाऱ्यांनी भाऊ म्हणून फुकट बसवली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी घेऊन गेले. म्हाळसा कोकरू मांडीवर घेऊन बसली होती आणि कारभारी तिला काहीतरी सांगून खळखळून हसत होते. माझ्याशी महिनाभर धड शब्द नाही, आणि तिच्याशी हसणं!

"भावजी, कळप इरळ दिसतुय," म्हाळसा म्हणाली. "साठ व्हती न्हवं? दहा कुठं गेली?"

कारभाऱ्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. बायकोनं नवऱ्याच्या माघारी पुढाऱ्याच्या पंगतीला मेंढरं धाडली, हे त्यांना सांगता आलं असतं.

"रोग आला व्हता," ते म्हणाले.

मेंढपाळ जीभ कापून घेईल, पण स्वतःच्या कळपाबद्दल हे बोलणार नाही. रोगाच्या कळपाला कुणी रानात उभं करत नाही. म्हाळसानं कोकरू झटक्यात खाली ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"अवं, मग आदी न्हाई का सांगायचं? हितं आमची म्हस हाय. दुसरीकडं बसवा, भावजी."

"व्हय. उचलतो वैनी."

रोग नाही, मी दिली. एवढंच तर बोलायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण म्हाळसा माझ्याकडं बघत होती. दुसरी कुणीही असती तर मी बोलले असते. देवाशप्पथ बोलले असते. तिच्यासमोर माझी जीभ वळली नाही. मी खाली बसून मेंढरांभोवतीची जाळी गुंडाळायला लागले.

कारभाऱ्यांनी शीळ घातली. मेंढरं बांधावरून निघाली. शेजारच्या रानाचा मालक हरिबा बांधावर उभा होता. कारभारी त्याच्याकडं वळणार, तोच म्हाळसानं लांबून ओरडून त्याला रोगाचं सांगितलं. हरिबानं हातानंच पुढं जायची खूण केली.

कारभाऱ्यांनी फेटा सारखा केला आणि ते पुढं चालायला लागले. त्यांच्या मागं मेंढरं, मेंढरांच्या मागं मी, भाकरीचं फडकं हातात तसंच.