बुधवारचं अंगण

क्रांती बुधवारी अंगणात येते, या एका गोष्टीवर धैर्यशीलचा संसार वर्षभर तग धरून होता.

मंगळवार पेठेतला हा गडी दर बुधवारी आपल्या जुन्या, पेट्रोलवर चालणाऱ्या टेम्पोत सरकी पेंडीची पोती भरून शाहूवाडीकडं निघायचा. तिथल्या एका चढावर, रस्त्याला लागूनच, त्याच्या सासऱ्याचं, आबांचं, घर होतं. बायको, क्रांती, सध्या तिथंच राहत होती. चार पाहुण्यांसमोर हा तिला नको ते बोलला आणि ती माहेरी निघून गेली. "आपणहून गेलीया, आपणहून येऊ दे," म्हणून हा ताठ बसला. नाव धैर्यशील, पण सासरचं दार वाजवायचं धैर्य होईना. हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही.

टेम्पो चढाला लागला, की क्रांती मात्र बाहेर यायची. कधी वाळलेले कपडे काढायला, कधी उगीच कोंबड्या हाकलायला. टेम्पोकडं बघायची नाही, पण यायची. तेवढ्यावर याचा आठवडा निघायचा. घरी आलं की अजूनही हात दोघांचा चहा टाकायचा, आणि मग तो दुसरा कप बघून याला काही सुचायचं नाही.

एकदा शिवाजी पेठेतल्या गॅरेजवाल्या आकाराम मिस्त्रींनी टेम्पो चालवून बघितला आणि ते भडकलेच.

"केवढं ठोकतंय रं इंजिन! पिस्टनला भोक पडल्यावर येणार हुतास व्हय? वझं घिऊन चढताना ही ठोकाठोक थांबवायची तर पेट्रोलचं ऑक्टेन जास्त पायजे. त्यात ह्ये वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. आपल्याच उसाचं आसंल, पर जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांस्नी सोसत न्हाय. शंभर ऑक्टेनचं, बिनइथेनॉलचं मिळतंय, त्ये घाल."

"लई महाग हाय की त्ये, मिस्त्री."

"आन् इंजिन काय फुकट मिळतंय?"

मिस्त्रींपुढं कुणाचं चाललंय? नळ्या बदलल्या, पेट्रोल बदललं. पुढच्या बुधवारी टेम्पो चढ मुकाट चढला. अंगण रिकामं होतं. असेल कामात, म्हणून त्यानं मनाची समजूत घातली. त्याच्या पुढच्या बुधवारीही कुणी नाही. तिसऱ्यांदा त्यानं गाडी पहिल्या गिअरवर रांगवत नेली, तरी दोरीवर नुसते कपडे हलत होते. तिनं आपल्यातून मन काढून घेतलं, असं त्याला वाटलं. मग ताठा कसला आणि काय कसलं! त्यानं टेम्पो थांबवला आणि दार वाजवलं.

क्रांतीनंच उघडलं. बघतच राहिली.

"टेम्पो इकला न्हाई व्हय तुमी?"

"न्हाय की. ह्यो काय हुबा हाय."

"खडखड आली न्हाई. बुधवारचं कान लावून बसतोय मी. मला वाटलं, वाट बदलली तुमी." ती म्हणाली.

धैर्यशीलला हसावं की रडावं कळेना. "पेट्रोल बदललं म्हनून आवाज गेला. तुला पायजे तर परत साधं घालतो."

"वर्सभर गाडीचाच आवाज ऐकला की मी. तुमचा कवा ऐकायचा?"

तो पायरीवर बसला. मान खाली घालून पुटपुटला, "चुकलं माझं. तुझ्याबिगर करमत न्हाय, क्रांती. घरला चल."

"मोठ्यानं बोला," क्रांती म्हणाली. "आत आबा बसल्यात."