रुमालाच्या काठ्या

मी गर्विष्ठ माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला ते शोधत बसायला नको.

सोलापुरात मी मास्तर होतो. उन्हाळ्याच्या सुटीत पोरं उन्हात उंडारतात, नाहीतर घरात बसून कामाला जुंपली जातात, म्हणून जिल्ह्यात आम्ही काही हट्टी माणसांनी सुटीची शिबिरं काढली होती. १९३३ साली अशी सात शिबिरं चालू होती. शहरातल्या विणकरांच्या वस्तीत सावित्रम्मा मुलींचं शिबिर चालवायच्या, केम गावी माझं होतं, बाकीची पाच इकडेतिकडे. या सातांसाठी मी 'शिबिर-समाचार' नावाचं चार पानी पत्रक दर महिन्याला छापायचो. कुठे काय नवं चाललंय, कुणाचं काय अडलंय, आणि सरकारदरबारी आमची बाजू. सुटीत शाळांची कुलपं उघडा म्हणून मी सलग तीन अंक भांडलो, तेव्हा कुठे चार गावांच्या शाळांच्या किल्ल्या आमच्या हाती आल्या. त्या किल्ल्या माझ्या लेखणीने आणल्या, असं मी चारचौघांत सांगायचो. विचारलं नसलं तरी सांगायचो.

केमच्या शिबिरात साठ मुलं होती, शेतकऱ्यांची आणि धनगरांची. सकाळी सूर्यनमस्कार, मग विहिरीत पोहणं, दुपारी लिंबाखाली वाचन, आणि ऊन उतरलं की सिद्धनाथ गज शिकवायचा. सिद्धनाथ पन्नाशीचा धनगर. मेंढरं भावाच्या हवाली करून तो महिनाभर पोरांत येऊन राहायचा आणि त्याबद्दल दोन वेळच्या भाकरीखेरीज काही घ्यायचा नाही. गज म्हणजे ढोलाच्या तालावर रिंगण धरून खेळायचा नाच. दोन्ही हातांत रंगीत रुमाल असतात. साठ पोरं एका ठोक्याला वळली आणि सगळे रुमाल एकदम वर गेले की माझ्या अंगावर काटा यायचा.

मे महिन्याच्या अंकासाठी ही बातमी लिहायला बसलो आणि हात अडला. बाकीच्यांच्या बातम्यांत कुस्ती, मल्लखांब, लेझीम. आणि माझ्या पोरांच्या हातात रुमाल? पत्रक पुण्यालाही जायचं. तिथली आखाड्यातली मंडळी गालातल्या गालात हसतील, असं वाटलं. मग मी लिहिलं, 'केमच्या शिबिरात साठ काठ्या एका ठोक्याला आभाळात उठतात आणि जमीन हादरते.' वाक्य मला इतकं आवडलं की छापखान्यातल्या कंपोझिटर रावजीला ते ठळक टाइपात घ्यायला लावलं.

तीस सालच्या चळवळीत सोलापुरावर लादलेल्या मार्शल लॉला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. सोलापूर म्हटलं की साहेब लोकांचे कान उभे राहायचे, आणि शहाणी माणसं काठीचं नावही छापील कागदावर घेत नसत. मी घेतलं, तेही ठळक टाइपात.

दहा दिवसांत वरून हुकूम आला. तरुण मुलांना काठ्या शिकवण्याचा प्रकार दिसतो, सबब चौकशी होईपर्यंत सातही शिबिरं बंद. चौकशीला प्रांतसाहेब स्वतः केमला जाणार होते.

हुकूम आला त्याच दुपारी सावित्रम्मा माझ्या सोलापूरच्या घराच्या दारात उभ्या राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चाळीस पोरी आज घरी पाठवल्या मी, मास्तर," त्या म्हणाल्या. "आता त्यांच्या आया त्यांना सुताच्या कांड्या भरायला बसवतील. एकदा मागापाशी बसली पोर, की पुन्हा सोडत नाहीत. गेल्या वर्षी एकेका घरी चारचार खेटे घालून आणल्या होत्या."

मी तडक छापखान्यात गेलो. रावजीने वाट काढली. तो म्हणाला, "माझ्या नावावर घाला. मूळ कागदात रुमाल होतं, टाइपाचे खिळे जुळवताना माझ्याकडून काठ्या पडलं, असं सांगा. कंपोझिटर काय वाटेल ते चुकतो, हे साहेबालाही माहीत असतं." त्याने तशी चिठ्ठीही लिहून दिली. मी ती खिशात घातली आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

चौकशीच्या दिवशी केमला उतरलो तर सिद्धनाथ स्टेशनावरच आला होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण कुणीतरी त्याला अंक वाचून दाखवला होता.

"मास्तर, काठ्या कुटं व्हत्या?" त्याने विचारलं.

"नव्हत्या," मी म्हणालो.

"मंग लिवल्या कशापायी? आमच्या रुमालाची लाज वाटली व्हय तुमास्नी?"

त्याने माझी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकली. त्या पिशवीने मला जेवढं लाजवलं तेवढं हुकुमाने लाजवलं नव्हतं.

लिंबाखाली सारं गाव जमलं होतं. पोरांना घरोघर जाऊन बोलावून आणलं होतं. प्रांतसाहेब आपल्याकडचेच होते, उंच, कमी बोलणारे. त्यांनी अंक उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं.

"या काठ्या कुठे आहेत?"

"काठ्या नाहीत साहेब. पोरं रुमाल घेऊन खेळतात."

"म्हणजे छपाईची चूक झाली."

त्यांनी आपण होऊन दार उघडून दिलं होतं. मी नुसती मान हलवायची होती. चिठ्ठी खिशात होती, सावित्रम्मांच्या चाळीस पोरी डोळ्यांपुढे होत्या, आणि खोटं बोलून त्या सुटल्या असत्या तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण सिद्धनाथ गळ्यात ढोल अडकवून समोर उभा होता. तो माझ्याकडे बघतही नव्हता. तो पोरांच्या रांगा सरळ करत होता.

"नाही साहेब," मी म्हणालो. "छापणाऱ्याने मी दिलं तेच छापलं. मीच रुमालाच्या काठ्या केल्या. आमची पोरं रुमाल घेऊन नाचतात हे लिहायची मला लाज वाटली. शोभा यावी म्हणून मी खोटं लिहिलं. यात शिबिराचा दोष नाही, बाकीच्या सहा शिबिरांचा तर मुळीच नाही. दोष माझा एकट्याचा आहे."

साठ पोरांनी आपल्या मास्तराला खोटारडा ठरताना पाहिलं, आणि तेही त्याच्याच तोंडून.

प्रांतसाहेब सिद्धनाथकडे वळले. "दाखवा तुमचे रुमाल."

ढोल वाजला. पोरांनी रिंगण धरलं. पहिल्या फेरीत ती बिचकत होती, दुसऱ्या फेरीत सिद्धनाथने ठोका चढवला आणि पोरं पेटली. लाल, पिवळे, हिरवे रुमाल वर गेले, खाली आले, साठ पाय एकदम पडले. माझं वाक्य तेवढं खरं निघालं, जमीन हादरत होती. मला भरून आलं आणि मी ते लपवलं नाही.

साहेबांनी तिथेच बसून हुकूम लिहिला. सातही शिबिरं सोमवारपासून चालू. 'शिबिर-समाचार' मात्र बंद, कारण खोटी बातमी देणाऱ्याच्या हाती छापखाना असू नये. ते बरोबर होतं, तरी लागलं. चार वर्षं त्या चार पानांवर माझा जीव होता.

सावित्रम्मांच्या चाळीसपैकी सदतीस पोरी परत आल्या. तीन आल्या नाहीत. त्या तिघींची घरं मला आजही माहीत आहेत, त्या गल्लीतून जाताना मी मान वर करत नाही.

पुढचा उन्हाळा जवळ आला. पत्रक नाही, तर नवी गावं कुठून येणार, जुनी तरी टिकतील का, या काळजीत मी होतो. एक दिवस शाळा सुटताना दारात एक प्रौढ बाई दिसल्या. अक्कलकोटच्याही पलीकडून, कानडी मुलखाच्या कडेवरून आल्या होत्या. नाव बसव्वा. मराठी सावकाश, शब्द शोधत बोलायच्या.

"केमाचं मास्तर तुमीच की?"

"हो."

"आमच्या गावात शिबिर पायजे. मठाचं अंगण हाय, पाणी हाय, तीस पोरं हाईत."

"तुम्हाला माझं नाव कुणी सांगितलं?"

"शेतात मेंढरं बसवाय धनगर आलते. ते सांगत हुते, गावोगाव सांगत चाललेत. केमात एक मास्तर हाय. सायबाम्होरं, समद्या गावाम्होरं, पोरांम्होरं म्हटला, मी खोटं लिवलं." त्यांनी पदर सावरला. "मंग आमच्या माणसांनी इचार केला. पोरं परक्याच्या हाती द्यायची, तर असल्याच्या हाती द्यावी."

चार वर्षं मी स्वतःचं कौतुक छापलं, आणि त्याने एकही नवं गाव आणलं नव्हतं. माझी सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट धनगरांनी मेंढरांमागून गावोगाव नेली, आणि या बाई तीस पोरं माझ्या हाती द्यायला दारात उभ्या होत्या. इतका अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नाही.

"बसा आधी," मी म्हणालो, आणि मुलांची नावं लिहून घ्यायला कागद शोधू लागलो.