न कापलेल्या कडा

शेवटचा साधा दिवस शनिवार होता. बाबा आपल्या पुस्तकबांधणीच्या दुकानात चर्चच्या मोठ्या बायबलचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवत बसले होते. दुकान म्हणजे एक खोली, एक खिडकी, लांब टेबल, पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा आणि कोपऱ्यात कागद कापायचं मशीन. त्या मशीनवर गेली बावीस वर्षं फक्त आमच्या छत्र्या टेकलेल्या असत. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. शनिवारी अर्धी सुट्टी असली की बाबांकडे खळ शिजवायला जात असे.

बाबा बांधलेल्या पुस्तकाच्या कडा कापत नसत. गिऱ्हाइकं कुरकुरत. एकाने तर सांगितलं होतं की पुस्तक न्हाव्याच्या खुर्चीतून अर्धवट उठून आल्यासारखं दिसतंय. बाबा हसून त्याला समास दाखवत. बाप्तिस्म्याच्या तारखा, मुलाच्या परीक्षेचा दिवस, आजारपण, कुणी शुभवर्तमानाच्या कडेला लिहिलेलं ‘आज फार राग आला, पुन्हा वाचणे’. बाबा लोकांचं हे लिखाण वाचत नसत. शिवताना समासावर कोरा कागद ठेवत आणि कागदाकडे बघून टाका घालत. पाळकांनी एकदा त्यांना प्रवचन करायला बोलावलं होतं. बाबांनी नम्रपणे नकार दिला. म्हणाले, मला फक्त पाठीकडची बाजू कळते.

दुपारी आई डबा घेऊन आली आणि दारातूनच नेहमीचं विचारलं.

“काय हो, आज कुणाच्या कडा उडवल्या?”

“झाली हजेरी? आता वाढ,” बाबा म्हणाले आणि हसले.

हसता हसता त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात बोल नव्हता, घाईही नव्हती. मी खळ ढवळत राहिले.

ही थट्टा बावीस वर्षांची होती, पण तिच्या तळाशी थट्टा नव्हती.

माझ्याआधी आईबाबांना एक मुलगा झाला होता. दोन वर्षांचा असताना तो आजारी पडला आणि सात महिन्यांत गेला. ते सात महिने आई स्तोत्रसंहितेच्या समासात पेन्सिलीने रोज दोन-चार शब्द लिहीत होती. भावाचं मला ठाऊक होतं, लिहिण्याचं नव्हतं. ते बायबल माझ्यासमोर कधी उघडलंच जात नसे. मी सोळा वर्षांची असताना त्याची पाठ निखळली आणि बाबांनी ते दुकानात आणलं. ते कापड आणायला बाहेर गेले, तेव्हा मला वाटलं, आईला नव्यासारखं करून देऊ. मी पुस्तक मशीनखाली धरलं आणि तिन्ही बाजू कापल्या. साबणाच्या नव्या वडीसारखं गुळगुळीत झालं. मग टोपलीतल्या कागदी पट्ट्यांवर मला पेन्सिलीची अर्धी अक्षरं दिसली.

बाबा आले, टोपलीकडे पाहिलं, आणि खाली फरशीवर बसले. दिवेलागणीपर्यंत ते पट्ट्या जुळवत होते. जुळणार नव्हत्याच. शेवटी उठून गुडघे झटकत त्यांनी मला सांगितलं, “सांगायचं ते तूच सांग. पण आज तुझ्याने होणार नाही. आज मी सांगतो.”

घरी आईला त्यांनी इतकंच सांगितलं की पुस्तक माझ्या दुकानात कापलं गेलं, दोष माझा. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. आई त्यांच्याशी अकरा दिवस बोलली नाही. ते रोज सकाळी तिच्यासाठी चहा करून ठेवत, तो गार होऊन जाई, मग कप ते स्वतःच विसळत. अकराही दिवस मी तिथेच होते, आणि त्यांनी एकदाही माझ्याकडे सुचवल्यासारखं पाहिलं नाही.

‘आज मी सांगतो’मधला तो आज बावीस वर्षं लांबला. पुढे मी पुष्कळ वाचलं. एकाचा अपराध दुसऱ्याने आपल्यावर कसा घ्यावा, याबद्दल जाड जाड ग्रंथ वाचले, पाळकांशी वाद घातले, न्यायाच्या दृष्टीने हे बसत नाही म्हणून सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत. पण वधस्तंभाचा विषय निघाला की मला फरशीवर पट्ट्या जुळवणारे बाबा दिसत, आणि माझा मुद्दा अर्ध्यावरच राही.

त्या शनिवारी निघताना बाबा मला म्हणाले, खळ आज जरा पातळ झालीय. ती पातळच होती. ते माझ्याशी बोललेलं ते शेवटचं.

रविवारी सकाळी उपासनेला निघताना ते बूट घालायला बसले. एका बुटाची नाडी बांधून झाली होती. आईला वाटलं, दुसरा बूट शोधायला वाकलेत.

तीन आठवड्यांनी आम्ही दोघींनी दुकान उघडलं. मोठं बायबल तसंच अर्धं शिवलेलं होतं. ते दुसरीकडे द्यायला पाळकांची हरकत नव्हती, पण आईने त्यांना परस्पर सांगून टाकलं होतं की पोरगी पुरं करेल. मी बाबांच्या स्टुलावर बसले. समासावर कोरा कागद ठेवला. माझे टाके त्यांच्यासारखे एका रेषेत येईनात. आई समोर बसून पाहत होती. थोड्या वेळाने तिने त्या खडबडीत कडांवरून बोट फिरवलं.

“इतकं जपून काम करणारा माणूस,” ती म्हणाली, “माझ्याच पुस्तकाला कसा चुकला, मला कधी कळलं नाही. माफ केलं गं मी. पण आत कुठेतरी राहिलंच. चेष्टा करत राहिले. आता कुणाला सांगू?”

मी सुई खाली ठेवली. छत्र्यांखालचं मशीन तिच्या पाठीमागे होतं, मला ते समोर दिसत होतं. तो आज आला होता, आणि माझ्या वतीने बोलायला कुणी उरलं नव्हतं.

“आई,” मी म्हणाले, “तुझ्या पुस्तकाच्या कडा बाबांनी नाही कापल्या. मी कापल्या.”