वाकड्या ओळीची टोपली

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक बेट मनात आणा. त्यावर एकही झाड नाही. नुसता वारा, आणि किनाऱ्यावर कमरेएवढे गवत. त्या गवताची मी एक जुनी टोपली आहे. अलास्काच्या समुद्रातल्या उनांगन लोकांच्या घरी मी जन्मले; तोही अर्धाच जन्म.

मला उलिता मावशी विणत होती. आमच्याकडे टोपली तुळईला उलटी टांगतात आणि वरून खाली विणत येतात. गवताची पात अंगठ्याच्या वाढवलेल्या नखाने चिरतात. मावशीची भाची अन्फिसा मात्र सारखी नखे कुरतडायची.

"जेवायला घातलं नाही का गं तुला?" मावशी विचारायची. "पात कशाने चिरशील? दातांनी?"

"तुझ्या नखाची भीतीच वाटते, मावशी. चहासुद्धा त्यानेच ढवळतेस!"

"म्हणून तर गोड लागतो."

मग दुसरे महायुद्ध आले. शेजारच्या बेटावर बाँब पडले आणि आमचेच सैनिक दारात येऊन म्हणाले, "माणशी एक पिशवी. बोट थांबणार नाही." मावशीने कपडे बाजूला सारले आणि मला, गवताच्या उरलेल्या जुडीसह, पिशवीत कोंबले.

दूरच्या जंगलात, माशांच्या एका बंद कारखान्यात आम्हाला ठेवले. तिथे झाडेच झाडे! आकाश दिसेना. माणसे दाराशी यायची, आपला मोकळा समुद्र शोधायची, पुन्हा आत जायची. छप्पर गळत होते, आणि मी खिळ्याला टांगलेली, वाऱ्याच्या झोताने सारखी गरगरत होते. पोरे खोकू लागली, मग मावशीही. ती अंथरुणातून शिकवायची, पण अन्फिसाच्या हाती नख नव्हते. शिकता शिकता तिने सगळी जुडी वाया घालवली.

एके दुपारी मावशी झोपलेली असताना अन्फिसाने ओढ्याकाठचे गवत आणले, दातांनी चिरले आणि माझ्यात एक ओळ विणली. वाळल्यावर ती ओळ आकसली. फटी पडल्या.

मावशीने बोट फिरवून पाहिले. अन्फिसा रडू लागली. "बिघडवली मी. उसवते."

"राहू दे. हे गवत आडोशाला वाढलंय, त्याला वारा ठाऊक नाही. त्याचा काय दोष?" मावशीला धाप लागली. "आपण इथं होतो, एवढं तरी टोपलीला आठवेल. तू फक्त नख वाढव, बाळ. माझ्यामागे आपल्या घरात विणणारं कोणी नाही."

बर्फ वितळण्याआधी मावशी गेली. त्या परक्या झाडांखालीच तिला पुरले.

युद्ध ओसरल्यावर आम्ही परतलो. दारे मोडलेली, चुली गंजलेल्या, चर्चमधल्या तसबिरी गायब. शेजारचा येफिमकाका मला पाहून म्हणाला, "पोरी, ती वाकडी ओळ काढून टाक की. शोभत नाही."

अन्फिसाचा अंगठा सवयीने तोंडाकडे गेला. मित्रांनो, टोपली पावसापासून, उंदरापासून जपता येते. पण विणणारा हातच थांबला तर जपायला उरते काय?

अंगठा ओठांशी थांबला. त्याचे नख लांब झाले होते.

"शोभायला नाही ठेवली, काका," ती म्हणाली. मग तिने मला मोडक्या घराच्या तुळईला टांगले, किनाऱ्यावर गेली, आणि वाऱ्यात उभी राहून गवताच्या पहिल्या पातीला नख लावले.