मळक्या उजेडातला चेहरा

मित्रांनो, मी एका फोटो स्टुडिओतला जुना मॉनिटर आहे. मला टीव्ही म्हणू नका, त्याचा मला राग येतो. टीव्हीसमोर माणसे लोळतात. माझ्यासमोर माणसे ताठ बसून फोटो सुधारतात. म्हणजे सुधारत असत. आता मी मागच्या खोलीत, कागदाच्या खोक्यांवर, भिंतीकडे तोंड करून बसलो आहे. त्याचे कारण सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो.

कारखान्यात माझी जोडणी झाली तेव्हा तपासणीच्या बाईंनी माझ्या पडद्यावर शुभ्र पांढरा रंग उमटवून पाहिला आणि "हा चांगला आहे," एवढेच म्हणाल्या. त्या तीन शब्दांवर मी बारा वर्षे मिरवलो.

स्टुडिओत मला काका आणि काकू मिळाले. काका फोटो काढत आणि माझ्यासमोर बसून ते दुरुस्त करत. काकू पलीकडे छपाईचे यंत्र सांभाळत. काका चष्मा पुसायच्या फडक्याने आधी माझी काच पुसत, मग चष्मा. हा मान घरात दुसऱ्या कोणाला नव्हता, असे काकू म्हणत.

फोटो उघडला की माझ्या कोपऱ्यात एक आलेख दिसे. त्याला हिस्टोग्राम म्हणतात, पण हे दोघे त्याला टेकडी म्हणत. फोटोत काळे किती, पांढरे किती आणि मधले करडे किती, ते ती टेकडी दाखवते. डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड. फोटो धुरकट असला की टेकडी मध्येच अंग चोरून बसते. मग काका तिच्या पायथ्याशी दोन टोकांना असलेले त्रिकोण माउसने आत ओढत. काळे खरे काळे होई, पांढरे खरे पांढरे होई आणि स्वेटरची वीणसुद्धा मोजता येई. मधला त्रिकोण सरकवला की सावलीतले चेहरे उजळत. पथ्य एकच होते. टेकडी कडेच्या भिंतीवर चढू द्यायची नाही. उजव्या भिंतीवर ती चढली की तेवढ्या जागी नुसता कोरा कागद छापला जातो.

"काका, तुमच्या हातात जादू आहे," असे गिऱ्हाइके म्हणत. काका माझ्याकडे बोट दाखवत. मी फुगून जाई.

मित्रांनो, म्हातारपण मॉनिटरलाही येते. माझ्या आतले दिवे मंदावत गेले. माझा पांढरा रंग सायीसारखा पिवळट झाला. हे इतके हळूहळू झाले की रोज बघणाऱ्या काकांना कळलेच नाही. फोटो अंधारा वाटला की ते त्रिकोण आणखी थोडा ओढत.

"अहो, महिनाभर बघतेय, प्रिंट पांढऱ्याफटक येतायत," काकू एकदा म्हणाल्या.

"कागद बदलून बघ," काका म्हणाले.

कागद बदलला. मग शाई बदलली. माझा संशय कोणालाच आला नाही. मला तोंड नाही, म्हणून मी गप्प राहिलो, असे मी म्हणू शकतो. पण खरे सांगू? तोंड असते तरी मी बोललो नसतो. माझे दिवस भरले, हे स्वतःच्या तोंडाने कोण सांगतो?

अशातच एके दिवशी बसचे एक ड्रायव्हर आले. त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशातून एक मेमरी कार्ड काढले. फोन पाण्यात पडून गेला होता, हे कार्ड तेवढे वाचले होते.

"घरातले सगळे फोटो बायकोनेच काढलेत," ते म्हणाले. "मुलांचे, माझे, शेजाऱ्यांचे. म्हणून ती एकाही फोटोत नाही. हा एकच मी काढला, आणि तोही असा."

फोटोत एक बाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसली होती. चेहरा अंधारात होता, खिडकीकडचा गाल तेवढा उजेडात.

"तिला जाऊन तीन वर्षं झाली, काका. हल्ली डोळे मिटले की चेहरा नीट येत नाही. पुसट होत चाललाय. फोटो समोर असला म्हणजे पक्का राहील."

"काळजी करू नका," काका म्हणाले. "चेहरा बाहेर काढून देतो."

त्यांनी कार्डावरचा तो एकुलता फोटो संगणकात उतरवून घेतला आणि गिऱ्हाइकाची सोय म्हणून नेहमीप्रमाणे कार्ड रिकामे करून परत दिले. मग ते मन लावून कामाला बसले. मधला त्रिकोण सरकवला. अंधारातून कपाळ आले, नाक आले, हसू आले. तरी माझ्या मंद उजेडात सगळे काळपटच दिसत होते, म्हणून त्यांनी उजव्या टोकाचा पांढरा त्रिकोण आत ओढला. मग आणखी आत.

काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. "अहो, टेकडी भिंतीवर चढलीय."

"अगं, मला समोर दिसतंय ना. गालाचा रंग बघ कसा छान आलाय."

तो गालाचा रंग नव्हता, मित्रांनो. तो माझा मळका पांढरा होता. गाल केव्हाच कोरा झाला होता. काकूंनीही माझ्याकडे पाहिले आणि त्या फसल्या. संगणकात जागा कमी, म्हणून काकांनी नवा फोटो जुन्यावरच जतन केला.

आठवड्याने ड्रायव्हर आले. काकूंनी प्रिंट पुढे ठेवली. अर्धा चेहरा हसत होता, उरलेला अर्धा नुसता कागद होता. काकांनी ती प्रिंट माझ्या काचेला लावून धरली. कागदाच्या पांढऱ्याशेजारी माझा पांढरा त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. त्यांनी फोटो पुन्हा उघडला, त्रिकोण मागे नेले. कोऱ्या जागी सपाट करडा रंग आला, गाल आला नाही.

"ते कार्ड आहे का?" काकांनी विचारले.

"आहे की. पण तुम्ही रिकामं करून दिलंत, म्हणून मी त्यात गाणी भरली. बसमध्ये लावायला."

ड्रायव्हर आरडाओरडा करतील असे मला वाटले. केला असता तर बरे झाले असते. ते नुसते वाकून माझ्याकडे बघत राहिले.

"या गालावर तीळ होता तिच्या."

"कुठे ते दाखवा," काका घाईने म्हणाले. "मी बसवून देतो. कळणारसुद्धा नाही."

ड्रायव्हरने माझ्या काचेवर बोट टेकवले. मग जरा वर नेले. मग कानाकडे नेले. पुन्हा खाली आणले. काका माउस धरून थांबले होते.

"राहू दे, काका," ते बोट काढत म्हणाले. "मला नक्की सांगता येत नाही."

त्यांनी प्रिंट खिशात घातली आणि ते गेले. काकांनी त्याच दुपारी मला उचलून इथे आणून ठेवले. ते माझ्यावर एका शब्दानेही रागावले नाहीत.

मित्रांनो, मूळ फोटो कधी बदलू नका. तो बाजूला जपा आणि त्याच्या प्रतीवर हात चालवा. डोळ्यांना छान वाटले तरी एकदा टेकडीकडे बघा. तिला रूप दाखवायचे नसते, म्हणून ती खोटे बोलत नाही. आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्याचा उजेड अधूनमधून तपासत जा. आम्ही आपणहून सांगत नाही.

तो फोटो पहिल्यांदा उघडला तेव्हा तो तीळ माझ्या काचेवर होता. डोळ्याच्या कोपऱ्याखाली, गालाच्या हाडाच्या जरा आत. मला अजून नीट आठवतो.