डोळे मिटून ऐकायची वाक्यं

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत दुपारची जेवणं झाली की सगळे डोळे मिटून बसतात. झोपायला नाही हो! प्रत्येक शब्दाखाली वापर दाखवणारं वाक्य द्यावं लागतं, आणि ज्यानं ते लिहिलं त्यानंच ते मोठ्यानं वाचायचं. ऐकणाऱ्याच्या मिटल्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं, तर वाक्य कोशात. नाही राहिलं, तर त्यानं डोळे उघडायचे, वाक्य बाद. हा शिरस्ता साहेबांनीच पाडलेला.

सुरुवातीला मी त्या दुपारींसाठी जीव टाकायची. पडद्यातून पिवळा उजेड झिरपायचा, पंखा आळसावून फिरायचा, आणि कुणी 'गारवा' वाचला की खोलीभर गार वाटायचं. 'होडी' आली तेव्हा टेबलं जराशी डुलली होती, शपथ! वाटायचं, आपण म्हातारं होईपर्यंत इथेच बसावं.

मग एका दुपारी माझ्या मानेवर हात आला. मी डोळे उघडले. बाकी सगळ्यांचे मिटलेले. मागे साहेब उभे, चेहरा असा शांत, जणू खुर्चीच्या पाठीवरच हात ठेवलाय. मी मान झटकली. म्हटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यानंतरही रोज. खुर्ची सरकवत सरकवत माझा खांदा पार खिडकीला टेकला, तरी मागून हात यायचाच. हळूहळू चित्रंच दिसेनाशी झाली. कुणी काहीही वाचलं तरी मला मानेवरची बोटं तेवढी जाणवायची.

घरी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "सोड ती नोकरी."

"मी का सोडू? काम माझ्या जिवाचं, चूक त्याची, आणि घरी मी बसू?" मी ताडकन म्हटलं. मग रडूच आलं. "पण कुणी बघितलंच नाही गं. मलाच वेड्यात काढतील."

अशात माझ्या वाट्याला 'छळणे' हा शब्द आला. मी लिहिलं, उकाडा छळतो, पोर आईला छळतं, जुनी आठवण छळते. साहेबांनी नजर टाकली आणि मान डोलावली.

"वा! गोड शब्द आहे. लाडसुद्धा आहे बघा त्यात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाड म्हणे! "छळू नकोस रे" म्हणताना आई हसत असते, पोरही हसत असतं. मी कधी हसले होते?

दुपारी माझी पाळी आली. शेजारच्या टेबलावरच्या काकू, आमच्यातल्या सगळ्यात जुन्या, त्यांनी चष्मा काढून ठेवला. सगळ्यांनी डोळे मिटले. मी उकाडा वाचला, पोर वाचलं, आठवण वाचली. उजेड मधासारखा दाटून आला, पंखा कुठेतरी लांब फिरत असल्यासारखा वाटला. मागे बुटांची ओळखीची चाहूल लागली. हात आला. या खेपेला मी मान झटकली नाही. आवाज सरळ निघाला.

"सगळ्यांनी डोळे मिटले की साहेब रोज माझ्या मानेवर हात ठेवून मला छळतात, आणि आत्ताही तो हात तिथेच आहे."

एक खुर्ची करकरली. काकूंनी डोळे उघडले, चष्मा चढवला. मग एकेक करत सगळ्यांनीच उघडले. हात अजून मानेवरच होता. इतकी सवय झाली होती त्याला.

साहेबांनी तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. घसा खाकरून म्हणाले, "वाक्य बाद. सगळ्यांनी डोळे उघडलेत. नियम म्हणजे नियम."

"बाद कसं?" काकू उठल्या आणि माझ्या खुर्चीच्या आणि साहेबांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. "दिसलं ना आम्हाला, उघड्या डोळ्यांनी दिसलं. पोरी, पुन्हा वाच. सावकाश वाच."

मी पुन्हा वाचलं. कुणीच डोळे मिटले नाहीत.