बसला नाही, रुतला

मित्रांनो, मी एक जुना पिकअप आहे आणि मला दात आहेत. नवा होतो तेव्हा बावीस होते, आता एकोणीस उरले. हसू नका. माझ्या तोंडावर लोखंडी पट्ट्यांची जी जाळी आहे, तिला मीही आधी जाळीच म्हणत होतो. पण असोद्याच्या उखर्डूनानांनी एकदा ते दात मोजले आणि तेव्हापासून ते दातच झाले.

माझा जन्म दोन ठिकाणी झाला. इंजिन, चाके आणि पुढची केबिन बोटीने मुंबईला उतरली. मागचा उघडा हौदा मात्र जळगावात जीवराम मिस्त्रीने सातपुड्याच्या सागाचा बांधला. त्यामुळे मी पुढून विलायती आणि मागून खानदेशी आहे. एकोणीसशे अडतीस सालच्या चैत्रात मी जळगावच्या एका मोटारींच्या दुकानात उभा होतो. माझ्या शेजारी एक काळी बंद मोटार होती. येणारा जाणारा तिच्या काचेत बघून टोपी सरळ करायचा. माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. मला तिचा फार राग यायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

अशा वेळी नाना, त्यांची बायको भिकुबाई आणि मुलगा झिपरू दुकानात आले. नानांची केळीची बाग होती. केळीचे घड जळगावच्या स्टेशनावर पोचवायला त्यांना मोटार हवी होती. झिपरू मोटार हाकायला शिकून तयार होता. त्याला गावात उठून दिसेल अशी मोटार हवी होती, आणि त्याचे डोळे त्या काळ्या बयेवरून हलत नव्हते. भिकुबाईंच्या काखेत गोधडीत गुंडाळलेली एक लांब वस्तू होती आणि झिपरू लाजून त्यांच्यापासून चार हात दूर उभा होता.

नानांनी आयुष्यात बैलांखेरीज काही विकत घेतले नव्हते. त्यांनी मला बैलासारखेच पारखले. पाठीवरून हात फिरवून मी बुजतो का ते पाहिले. मागे जाऊन लाथ मारतो का तेही पाहिले. मग ते पुढे येऊन वाकले आणि माझे दात मोजू लागले. बैलाचे आठही दात आले की तो जुळला, म्हणजे त्याचे कोवळे वय सरले. इथे तर बावीस निघाले. नाना सरळ उभे राहिले आणि दुकानदार शेठला म्हणाले, "हा तं पुरा जुयेल हाये, शेठ. म्हातारा बैल आमच्या गयात घालू नका."

शेठने परोपरीने सांगितले की हा माल कोरा आहे. नानांनी शेवटी बैलबाजाराचाच सौदा मांडला. आठ दिवस नेऊन पाहू. बैल जुवाखाली बसला तर तो परत करायचा, असा रिवाज आहे. तसाच हा एकदा जरी बसला तरी परत येईल. शेठला हा रिवाज ठाऊक होता, त्यामुळे तो हो म्हणाला.

पण न्यायचे कोणाला, हे अजून ठरले नव्हते. तेव्हा भिकुबाईंनी गोधडी सोडली. आत झोक्याची फळी होती.

त्या फळीची गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. खानदेशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात आणि निंबाला झोके बांधून गाणी म्हणतात. पण लेकीने आपण होऊन निघायचे नसते. भाऊ मुऱ्हाळी होऊन गाडी घेऊन दारात जातो, तेव्हा ती निघते. नानांच्या तीन लेकी. बेबाबाई धुळ्याला देवपुरात, सुनंदाबाई तापीपलीकडे सावद्याला आणि मंदाबाई जवळच भादलीला. अखाजी येते ऐन वैशाखात, आणि वैशाखात केळीला पाणी चुकले तर बाग जाते. मग बैल मोटेला आणि झिपरूही मोटेला. नाना दर वर्षी म्हणत, पुढच्या वर्षी आणू. असे चार वैशाख गेले. मंदाबाई तेवढी यायची आणि तिघींच्या फळीवर एकटी बसायची. भिकुबाईंना ते बघवत नसे.

त्यांनी ती फळी आधी काळ्या मोटारीला लावून पाहिली. ती दारातच अडली. मग त्यांनी ती माझ्या हौद्यावर आडवी ठेवली. दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर ती अशी बसली, जणू जीवराम मिस्त्रीने मापच तिचे घेतले होते. भिकुबाईंनी फळीवर हात ठेवून एवढेच म्हटले, "मह्या तिन्ही पोरी अथी बसतीन. हाच घ्या." झिपरूचे तोंड उतरले, पण नाना गप्प राहिले. त्या घरात नाना गप्प राहिले की गोष्ट ठरली असे समजायचे.

मित्रांनो, ते आठ दिवस मी कधी विसरणार नाही. सकाळी मी घड वाहत होतो आणि दुपारी गावातली सगळी मुले. सहाव्या दिवशी मोट शेजाऱ्यावर सोपवून झिपरू मला देवपूरला घेऊन गेला. बेबाबाई दारात आली, तिने मला पाहिले आणि ती आत पळाली. मला वाटले मी आवडलो नाही. ती ट्रंक आणायला गेली होती.

आठव्या दिवशी सावदा उरले. दुसऱ्या दिवशी अखाजी होती. भिकुबाई आणि बेबाबाई फळीवर बसून तापीपर्यंत आल्या. नानाही आले, कारण परीक्षेचा शेवटचा दिवस होता. ते सगळे अलीकडच्या काठावर बाभळीखाली थांबले. झिपरूने मला रिकामे नेले, तेव्हा नदी ओलांडायच्या उतारावरचे गुडघाभर पाणी आणि वाळू मी सहज पार केली. मी थोडा फुगलोच. परतताना हौद्यात सुनंदाबाई, तिची दोन मुले, ट्रंक आणि सासरच्यांनी दिलेले केळीचे सहा घड होते. पाणी ओलांडले आणि काठ वीस हातांवर असताना माझी मागची चाके वाळूत गेली. झिपरूने जोर लावला तसा मी आणखी खाली गेलो. शेवटी इंजिनही थांबले.

काठावरून नाना शांतपणे म्हणाले, "बसला."

तुम्ही कधी सगळ्यांसमोर नापास झाला आहात का? मला तेव्हा तसे वाटले. मला ती काळी मोटार आठवली, तिच्या शेजारची माझी जागा आठवली. पुन्हा तिथे जायचे, आणि पुढच्या वैशाखात मंदाबाईने पुन्हा एकटीने झोका घ्यायचा. मला रडता येत असते तर मी रडलो असतो.

भिकुबाई लुगडे खोचून वाळूत उतरल्या. त्यांनी वाकून माझे चाक पाहिले, हाताने वाळू उकरली आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "बसला नई तो, रुतला हाये. रुतल्या बैलाले कोनी परत नेते का?"

बसतो तो बैलाचा आळस आणि रुततो तो वाटेचा दोष, हे नानांइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांनी धोतराचा काचा मारला आणि तेही उतरले. भिकुबाईंनी झोक्याची फळी एका चाकाखाली सरकवली. दुसऱ्याखाली बाभळीच्या डहाळ्या आणि त्यांची गोधडी गेली. दोघी बहिणी, आई आणि नाना अशा चौघांनी मागून खांदा लावला. झिपरूने हँडल मारले. मी सगळा जीव एकवटला आणि फळीवर चढून एका दमात काठावर आलो. सुनंदाबाई तोंडावर पडली आणि वाळू खात हसत सुटली. नानाही हसले, आणि त्यांना मी इतके हसताना पुन्हा पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी तिघी बहिणी निंबाखाली एका फळीवर बसल्या. फळीला एक चीर गेली होती आणि तिच्यावर माझ्या चाकाची नक्षी उमटली होती. ती नक्षी तिघींच्या लुगड्यांवरही उतरली. भिकुबाई झोका देत होत्या आणि डोळे पुसत होत्या. त्या पोळ्याला नानांनी बैलांची खांदेमळणी करताना माझ्या बॉनेटलाही हळद-तूप चोळले.

पुढे लढाई आली आणि पेट्रोल मिळेनासे झाले. मी निंबाखाली उभा राहिलो तो पाच वर्षे. केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालत. माझे तीन दात पडले. पावसापावसाने चाके जमिनीत गेली. या वर्षी, सत्तेचाळीसच्या अखाजीला, झिपरूने नवी लॉरी घेतली आणि बहिणींना तिच्यातून आणले. मला न्यायला भंगारवाला बैलगाडी घेऊन आला. झिपरू त्याला म्हणाला की ही मोटार आता कायमची बसली.

नाना काठी टेकत आले. त्यांनी माझे दात मोजले, एकोणीस. मग अवघडत खाली वाकून त्यांनी माझे चाक पाहिले आणि भिकुबाईंकडे बघून म्हणाले, "बसला नई तो. रुतला हाये. हात लावा."

तिघी लेकींनी खांदा लावला. त्यांची मुले आली, झिपरू आला, शेवटी भंगारवाल्यानेही हात लावला. मी जमिनीतून वर आलो. मिस्त्रीला तीन दिवस लागले, पण मी पुन्हा खोकलो आणि सुरू झालो. परवा तिघींना सासरी पोचवायला नवी लॉरी तयार होती. त्या फळी घेऊन माझ्या हौद्यात चढल्या.

मित्रांनो, तुमच्याही अंगणात एखादी गाडी, एखादे यंत्र, एखादे म्हातारे माणूस बरेच दिवस जागचे हलले नसेल. ते बसले असे म्हणण्याआधी एकदा खाली वाकून त्याचे चाक बघा.